लोकप्रिय संस्कृती आणि किशोरवयीनांचे ख्रिस्ती शिक्षण : निषेध, पर्याय आणि विवेक यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कोणत्याही धर्मसमाजापुढे आपली श्रद्धा पुढील पिढीच्या हाती सोपविण्याचा प्रश्न सतत उभा असतो. बालपणी मूल आईवडिलांच्या आणि धर्मगुरूंच्या शब्दावर विश्वास ठेवते. प्रौढपणी माणूस स्वतःच्या निवडीने जगतो. या दोहोंच्या मधले किशोरवय मात्र घराबाहेरच्या जगाकडे ओढ घेणारे असते. गाणी, कथा, खेळ, नाटके, चित्रपट या साऱ्यांतून ते जग किशोरांशी बोलत असते आणि पुष्कळदा ते प्रवचनापेक्षा अधिक प्रभावी ठरते. अशा वेळी शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत जवळजवळ अठराशे वर्षे विचारला गेला आहे.

या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार निषेधाचा. त्यात लोकप्रिय रंजन अपायकारक मानून किशोरांना त्यापासून दूर ठेवले जाते. दुसरा प्रकार पर्यायाचा. यात लोकप्रिय रंजनाचे रूप तसेच ठेवून त्यात ख्रिस्ती आशय भरला जातो. तिसरा प्रकार विवेकाचा. यात किशोरांच्या समोर येणारी कलाकृती त्यांच्यासोबत पाहून तिची पारख करण्याची क्षमता त्यांच्या ठिकाणी निर्माण केली जाते. निषेध हा जुना आणि विवेक हा आधुनिक, असा एक समज सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मुख्य उद्देश आहे. त्यासाठी चौथे शतक, सतरावे ते एकोणिसावे शतक आणि १९३० ते १९७१ हा चित्रपट व रॉक संगीताचा कालखंड, असे तीन टप्पे निवडले असून ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. आरंभीची ख्रिस्तमंडळी : तीन आवाज

रोमन साम्राज्यातील लोकप्रिय रंजन म्हणजे सर्कशीतील रथांच्या शर्यती, रंगभूमी आणि वर्तुळाकार प्रेक्षागारातील ग्लॅडिएटरांच्या झुंजी. कार्थेज येथील लेखक तर्तुलियन याने इ. स. २०० च्या सुमारास या विषयावर ‘दे स्पेक्ताकुलिस’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या खेळांचा उगम मूर्तिपूजेच्या विधींत आहे आणि बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती माणसाने ज्या गोष्टींचा त्याग केला त्यांतच हे खेळ मोडतात, असा त्याचा युक्तिवाद होता. छळाच्या छायेत जगणाऱ्या एका अल्पसंख्य समूहाची ती भूमिका होती. ज्या प्रेक्षागारात ख्रिस्ती माणसांना मृत्युदंड दिला जाई, त्याच प्रेक्षागारात करमणुकीसाठी जाणे तर्तुलियनला अशक्य वाटावे, हे समजण्यासारखे आहे. निषेधामागची ही परिस्थिती लक्षात न घेता केवळ त्याच्या कठोरपणावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल.

चौथ्या शतकात परिस्थिती बदलली. ख्रिस्ती कुटुंबांतील मुले आता होमर व इतर ग्रीक कवी शिकवणाऱ्या सर्वसामान्य शाळांत जाऊ लागली होती. इ. स. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियन याने ख्रिस्ती शिक्षकांना हे अभिजात वाङ्मय शिकविण्यास प्रतिबंध करणारा हुकूम काढला. ज्या देवांवर विश्वास नाही त्या देवांच्या कथा शिकवू नयेत, असे त्याचे म्हणणे होते. यातील विरोधाभास अर्थपूर्ण आहे. ख्रिस्ती माणसाने बाहेरच्या संस्कृतीपासून अलिप्त राहावे, हा तर्तुलियनचा आग्रह आता ख्रिस्ती धर्माच्या विरोधकाने कायद्याच्या रूपाने मांडला होता. अलिप्तता म्हणजे केवळ शुचिता नसून ती सार्वजनिक जीवनातून हद्दपारीही ठरू शकते, याची जाणीव त्या पिढीला या हुकमाने करून दिली.

याच पिढीतील बेसिल (सुमारे ३३० ते ३७९) हे कप्पदोकियातील सीझरियाचे बिशप. त्यांचे स्वतःचे शिक्षण सीझरिया, कॉन्स्टँटिनोपल आणि अथेन्स येथे झाले होते. ग्रीक वाङ्मयातून लाभ कसा घ्यावा याविषयी त्यांनी तरुणांना उद्देशून एक प्रबंध लिहिला. त्यातील मधमाशीची उपमा पुढे सर्वत्र रूढ झाली. मधमाशी सर्वच फुलांवर बसत नाही, आणि ज्या फुलावर बसते त्यातूनही कामापुरतेच घेऊन उडते. गुलाब तोडताना काटे टाळावेत, तसे वाचन करावे, असे बेसिल सुचवतात. मोशे मिसरी विद्या शिकला आणि दानिएल खाल्डियनांची विद्या शिकला, याचाही ते दाखला देतात. मात्र याच प्रबंधात सायरनांचे गीत टाळण्यासाठी कान बंद करणाऱ्या ओडिसियसच्या कथेचाही आधार घेतलेला आहे. काही ठिकाणी मध गोळा करावा आणि काही ठिकाणी कान बंद करावेत, असा हा दुहेरी सल्ला आहे. विवेकाची पहिली मोठी मांडणी निषेधाला पूर्णपणे नाकारत नाही, ही बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे.

तिसरा आवाज ऑगस्टीनचा. आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्रात्मक ग्रंथात त्यांनी किशोरवयात कार्थेजच्या रंगभूमीचे आपल्याला असलेले वेड वर्णिले आहे. परंतु ते केवळ पश्चात्ताप व्यक्त करून थांबत नाहीत. जे दुःख माणसाला प्रत्यक्षात नकोसे वाटते ते रंगमंचावर पाहून त्याला सुख का होते, आणि ज्याला मदत करणे शक्यच नाही अशा कल्पित पात्राबद्दलची करुणा खरी असते काय, असे प्रश्न ते उपस्थित करतात. प्रेक्षकाच्या मनाचे हे विश्लेषण आजच्या माध्यमशिक्षणाच्या वर्गातही मूलभूत ठरेल असे आहे.

याच ग्रंथाच्या सहाव्या भागात अलिपियस या शिष्याची हकिकत येते. अलिपियसला सर्कशीच्या शर्यतींचा नाद होता. कार्थेज येथे वर्गात एक पाठ समजावून सांगताना ऑगस्टीन यांनी सहज सर्कशीचा दृष्टांत घेतला आणि त्या वेडाची थट्टा केली. त्यांच्या मनात अलिपियस नव्हता, पण अलिपियसने ती टीका स्वतःवर घेतली आणि नाद सोडला. ऑगस्टीन तेव्हा ख्रिस्ती झालेले नव्हते. ही हकिकत मात्र त्यांनी पुढे बिशप झाल्यावर, ख्रिस्ती दृष्टीने लिहिली. लोकप्रिय रंजनाचा उल्लेख वर्गात आणल्याने विद्यार्थ्याचे मन पालटल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे.

पण हकिकत येथे संपत नाही. पुढे रोममध्ये मित्रांनी अलिपियसला बळेच ग्लॅडिएटरांच्या झुंजीला नेले. आपण मनाने येथे नसू, असे ठरवून त्याने डोळे मिटून घेतले. कान मात्र उघडे राहिले. गर्दीचा एक प्रचंड गजर झाला, कुतूहलाने डोळे उघडले गेले आणि तो त्या रक्तपातात रमून गेला. केवळ निषेध दुर्बल ठरतो हे तर या प्रसंगातून दिसतेच, पण स्वतःच्या विवेकावरील फाजील विश्वासही तितकाच दुर्बल ठरतो, हे ऑगस्टीन यांना विशेषत्वाने सांगायचे आहे. पुढील काळातील शिक्षणपद्धतींचे मूल्यमापन करताना हा इशारा उपयोगी पडतो.

२. पर्यायाची परंपरा : पुराण, कीर्तन आणि मुलांचे नियतकालिक

पर्याय निर्माण करण्याच्या धोरणाचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. नवख्रिस्ती कुटुंबांची पूर्वीची पुराणे सुटली होती, पण त्या जागी ऐकण्यासारखे काही मिळाले नव्हते. ही उणीव एका नवख्रिस्ती माणसाने बोलून दाखविल्याचा प्रसंग ग्रंथाच्या आरंभी येतो. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला आणि गोव्यातील चर्चमधून तो वाचला जाऊ लागला. लोकांच्या परिचयाचे रूप घेऊन त्यातून बायबलची कथा सांगण्याचा हा प्रयत्न होता.

या प्रयत्नाच्या जोडीने गोव्यात विरुद्ध दिशेचे धोरणही चालू राहिले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या जागी पोर्तुगीज भाषा आणण्याचा हुकूम काढला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढून विवाहप्रसंगीची लोकगीते, हळद लावणे यांसारख्या अनेक रूढींना ख्रिस्ती कुटुंबांत बंदी घातली. ज्या सांस्कृतिक रूपांचा आधार घेऊन धर्मशिक्षण दिले गेले, तीच रूपे पुढे संशयास्पद ठरविली गेली. तरीही पुराणाची परंपरा खंडित झाली नाही. मंगळूरच्या ख्रिस्ती समाजाने हस्तलिखितांच्या रूपाने हा ग्रंथ जतन केला आणि १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी तेथे त्याची मुद्रित आवृत्ती सिद्ध केली. हुकमाचा अंमल सत्तेपुरता टिकला. गाण्याच्या आणि ऐकण्याच्या सवयीतून मुरलेले शिक्षण त्याहून दीर्घकाळ टिकले, असे या घटनाक्रमावरून म्हणता येते.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात हाच मार्ग पुन्हा अवलंबिला गेला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि भजन यांच्या रूपाने ख्रिस्ती भक्तीला मराठी वळण दिले. मुलांसाठी मिशनने १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले होते. मुलांनी वाचू नये असे सांगण्यापेक्षा वाचण्याजोगे काही त्यांच्या हाती द्यावे, ही त्यामागील दृष्टी होती.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर तेथे कामगार वर्गातील वाचणाऱ्या मुलांची संख्या वाढली. एका पेनीला मिळणाऱ्या गुन्हेगारी आणि भयकथांच्या पुस्तिका या मुलांच्या विशेष आवडीच्या होत्या. त्यांना तोंड देण्यासाठी रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीने जानेवारी १८७९ मध्ये ‘बॉइज ओन पेपर’ हे साप्ताहिक काढले. त्याची किंमतही एक पेनीच ठेवली. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर बोधकथा नव्हती, तर फुटबॉलच्या सामन्याची गोष्ट होती. टॅलबट बेन्स रीड यांनी ती लिहिली होती. साप्ताहिकावर संस्थेचे नाव ठळकपणे न घालता तिच्याच दुसऱ्या एका प्रकाशनाच्या नावाने ते प्रसिद्ध केले जाई. धार्मिक संस्थेचे नाव दिसताच मुले पाठ फिरवतील, हे ओळखण्याचा व्यवहारीपणा त्यात होता. हे नियतकालिक १९६७ पर्यंत चालले.

या यशाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. धर्माचा उल्लेख जितका सौम्य, तितके वाचक अधिक, असे समीकरण एकदा स्वीकारले की शेवटी पर्यायात आणि मूळ वस्तूत फरक कोणता उरतो, हा प्रश्न अटळ होतो. धाडस, प्रामाणिकपणा आणि खिलाडूपणा ही मूल्ये या साप्ताहिकाने निश्चितच रुजविली. परंतु ती मूल्ये ख्रिस्ती शुभवर्तमानाची होती की इंग्रज साम्राज्याच्या शाळांची, हे वेगळे करणे त्याच्या वाचकालाच नव्हे तर संपादकांनाही अवघड गेले असावे. ‘ख्रिस्तपुराणा’त रूप स्थानिक होते आणि आशय स्पष्टपणे धार्मिक होता. येथे रूप टिकले आणि आशय मात्र विरळ झाला.

३. चित्रपटाचे युग : यादीकडून वर्गाकडे

विसाव्या शतकात चित्रपटाने किशोरांच्या जगात प्रवेश केला. ख्रिस्ती संस्थांनी सुरुवातीला या नव्या माध्यमाकडे संधी म्हणूनही पाहिले होते. ऑस्ट्रेलियात साल्व्हेशन आर्मीच्या लाइमलाइट विभागाने १९०० मध्येच ‘सोल्जर्स ऑफ द क्रॉस’ हा चित्रपट व स्लाइड यांचा कार्यक्रम सादर केला होता. परंतु १९२० नंतर हॉलीवूडचा प्रभाव वाढत गेला तशी चिंताही वाढत गेली.

या चिंतेतून अमेरिकेत १९२९ ते १९३२ या काळात पेन फंडाच्या साह्याने चित्रपटांच्या मुलांवरील परिणामांचा अभ्यास झाला. रेव्हरंड विल्यम शॉर्ट या धर्मोपदेशकाने त्यासाठी पुढाकार घेतला होता. या एकाच प्रकल्पातून १९३३ मध्ये अगदी भिन्न वृत्तीची पुस्तके बाहेर पडली. हेन्री जेम्स फोरमन यांच्या लोकप्रिय पुस्तकाने पालकांना धोक्याची सूचना दिली. हर्बर्ट ब्लूमर यांनी विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या चित्रपटविषयक आत्मकथनांच्या आधारे त्यांचे वर्तन समजून घेण्याचा प्रयत्न केला. एडगर डेल यांनी तर माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी चित्रपटाचे रसग्रहण कसे करावे, याची पुस्तिकाच लिहिली. म्हणजे धोक्याची घंटा आणि रसग्रहणाची पुस्तिका ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत. निषेधाचे युग संपल्यावर विवेकाचे युग आले, असा क्रम येथे लावता येत नाही.

तत्कालीन परिस्थितीत बळ मिळाले ते मात्र निषेधाला. येशूसंघीय धर्मगुरू डॅनियल लॉर्ड आणि प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांच्या सहभागातून १९३० ची निर्मितीसंहिता तयार झाली होती, पण तिची अंमलबजावणी ढिली होती. अमेरिकन बिशपांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ या चळवळीने १९३४ मध्ये कॅथोलिक भाविकांकडून आक्षेपार्ह चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा घेण्यास सुरुवात केली. फिलाडेल्फियाचे कार्डिनल डोअर्टी यांनी तर आपल्या धर्मप्रांतातील भाविकांना सर्वच चित्रपटगृहांवर बहिष्कार घालण्यास सांगितले. त्याच वर्षी जोसेफ ब्रीन यांच्या नेतृत्वाखाली संहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली. लीजनच्या वर्गवारीतील ‘सी’ हा शेरा म्हणजे पूर्णतः निषिद्ध चित्रपट. पोप अकरावे पायस यांनी २९ जून १९३६ च्या ‘विजिलांती कुरा’ या परिपत्रात लीजनच्या कार्याची प्रशंसा केली आणि इतर देशांतही चित्रपटांची छाननी करणारी कार्यालये असावीत असे सुचविले.

या पद्धतीचे लाभ नाकारता येत नाहीत. गोंधळलेल्या पालकांना त्यातून स्पष्ट मार्गदर्शन मिळाले. एका धर्मसमाजाची संघटित इच्छा मोठ्या उद्योगाला वाकवू शकते, हेही सिद्ध झाले. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने तिची मर्यादा मूलभूत होती. यादी वाचणाऱ्या किशोराला कोणता चित्रपट पाहू नये हे कळत असे. तो का पाहू नये, हे ठरविण्याची रीत मात्र त्याला मिळत नसे. निर्णय त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेला असे. शिवाय यादीची विश्वासार्हता तिच्या प्रत्येक निर्णयावर अवलंबून होती. रोसेलिनी यांच्या ‘द मिरॅकल’ या चित्रपटावरून न्यूयॉर्कमध्ये वाद पेटला. त्यातून उद्भवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. त्यानंतर यादीमागचे सामाजिक बळ उतरणीला लागले.

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या अधिकृत भूमिकेतही याच काळात भर बदलला. पोप बारावे पायस यांच्या ८ सप्टेंबर १९५७ च्या ‘मिरांदा प्रोर्सुस’ या परिपत्रात चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांचा एकत्रित विचार असून प्रेक्षकाला शिक्षित करण्यावर विशेष भर दिला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या ‘इंतेर मिरिफिका’ या हुकूमनाम्यात, तरुणांना माध्यमांच्या योग्य वापराचे शिक्षण कॅथोलिक शाळांतून द्यावे, असे म्हटले आहे. १९७१ च्या ‘कोम्मुनियो एत प्रोग्रेस्सिओ’ या मार्गदर्शक निवेदनात हा विचार अधिक विस्ताराने आला. अमेरिकेतील लीजननेही १९६५ मध्ये आपले जुने नाव टाकून चित्रपटविषयक राष्ट्रीय कॅथोलिक कार्यालय असे नाव धारण केले. फोर्डहॅम विद्यापीठातील येशूसंघीय जॉन कल्किन यांच्यासारखे शिक्षक माध्यमिक शाळेच्या वर्गात चित्रपटाचा अभ्यास आणण्यासाठी झटत होते.

या प्रवाहाचे भारतातील पडसाद शोधताना दोन संस्थांचा उल्लेख करावा लागतो. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात १९६९ मध्ये झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्सची स्थापना झाली. कोलकाता येथे १९७० मध्ये फादर गॅस्टन रॉबर्ज (१९३५ ते २०२०) यांनी ‘चित्रबाणी’ हे केंद्र सुरू केले. मूळचे कॅनडाचे असलेले रॉबर्ज १९६१ मध्ये भारताकडे येताना न्यूयॉर्कमध्ये सत्यजित राय यांची ‘अपू’ चित्रत्रयी पाहून आले होते. ज्या देशात धर्मसेवेसाठी जायचे त्या देशाची ओळख त्यांना चित्रपटाने करून दिली. येथे चित्रपट धर्मशिक्षणाचा विरोधक राहत नाही. तो शिक्षकाचाच शिक्षक ठरतो.

४. प्रोटेस्टंट प्रवाह : रॉक संगीत आणि लाब्री

प्रोटेस्टंट इव्हँजेलिकल गटांत हाच संघर्ष विशेषतः संगीताच्या क्षेत्रात झाला. १९४० च्या दशकातील ‘यूथ फॉर ख्राइस्ट’च्या शनिवारच्या रात्रीच्या सभांनी तत्कालीन लोकप्रिय संगीताचा आणि रेडिओच्या शैलीचा उपयोग करून घेतला होता. पुढे १९६६ मध्ये जॉन लेनन यांच्या ख्रिस्ताविषयीच्या एका विधानावरून अमेरिकेच्या दक्षिण भागात बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका जाहीररीत्या जाळण्यात आल्या. तीनच वर्षांनी, १९६९ मध्ये, लॅरी नॉर्मन यांची ख्रिस्ती रॉक गीतांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. १९७२ मध्ये डॅलस येथील ‘एक्सप्लो’ मेळाव्यात सुमारे ऐंशी हजार लोक जमले. निषेध आणि पर्याय यांच्यातील अंतर येथे केवळ काही वर्षांचे आहे.

तिसरा मार्ग स्वित्झर्लंडमधील ह्युएमोझ या खेड्यात घडत होता. फ्रान्सिस शेफर आणि त्यांची पत्नी ईडिथ यांनी १९५५ मध्ये तेथे आपल्या घरात ‘लाब्री’ हे निवासी केंद्र सुरू केले. तेथे येणाऱ्या तरुणांशी ते चित्रपट, चित्रकला आणि संगीत यांविषयी चर्चा करीत. कलाकृतीतून कोणते जीवनदर्शन व्यक्त होते आणि त्या दर्शनानुसार खरोखर जगता येईल काय, अशी त्यांच्या चर्चेची पद्धत होती. १९६५ मध्ये अमेरिकेतील व्हीटन महाविद्यालयात त्यांनी व्याख्याने दिली, तेव्हा बर्गमन आणि फेलिनी यांच्या चित्रपटांची चर्चा केली. अशा अनेक ख्रिस्ती महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना चित्रपटगृहात जाण्याची मनाई असण्याचा तो काळ होता. डच कलेतिहासकार हान्स रूकमाकर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आधुनिक कलेवरील ग्रंथाने या विचाराला अभ्यासाची जोड दिली.

शेफर यांच्या पद्धतीवर एक रास्त आक्षेप घेता येतो. कलाकृतीचे रूपांतर तत्त्वज्ञानाच्या विधानात केले की तिचा रस, लय, विनोद आणि सौंदर्य बाजूला पडते. दुसरे असे की, बर्गमन आणि फेलिनी ही किशोरांची रोजची करमणूक नव्हती. बेसिल यांनीही होमरविषयी लिहिले, सर्कशीविषयी नव्हे. विवेकाच्या परंपरेला प्रतिष्ठित कलेचे आकर्षण वाटत आले आहे आणि किशोर खरोखर जे पाहतात, ऐकतात त्याकडे तिचे दुर्लक्ष झाले आहे. वर्गात सर्कशीचा दृष्टांत घेणारे ऑगस्टीन या बाबतीत अपवाद ठरतात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. निषेध, पर्याय आणि विवेक या क्रमाने येणाऱ्या अवस्था नसून प्रत्येक काळात एकत्र नांदणाऱ्या प्रवृत्ती आहेत. बेसिल यांच्या एकाच प्रबंधात मधमाशी आणि बंद कान दोन्ही आढळतात. गोव्यात पुराण आणि बंदी यांची धोरणे एकाच समाजाच्या वाट्याला आली. १९३३ मध्ये इशारा आणि रसग्रहण एकाच अभ्यासातून निघाले.

२. यादी आणि बंदी यांचे बळ संस्थेच्या सत्तेवर अवलंबून असते. सत्ता क्षीण होताच ते ओसरते. लीजनच्या काळात नवे चित्रपट मोजता येण्याजोगे होते, म्हणून त्यांची यादी करता आली. हातातील दूरध्वनीवर क्षणोक्षणी नवी चित्रफीत येणाऱ्या एकविसाव्या शतकात अशी यादी व्यवहारतः अशक्य आहे.

३. पर्यायाचे यश रूपावर अवलंबून असते, पण त्याचे प्रयोजन आशयात असते. ‘ख्रिस्तपुराण’ आणि ‘बॉइज ओन पेपर’ यांच्या तुलनेतून हे स्पष्ट होते.

४. विवेक हा सर्वांत टिकाऊ असला तरी तो स्वयंपूर्ण नाही. अलिपियसची चूक अज्ञानातून झाली नाही. आपण सुरक्षित आहोत या खात्रीतून ती झाली. तसेच तो तेथे मित्रांच्या संगतीने गेला होता. म्हणून पारखण्याच्या शिक्षणाला चांगल्या सहवासाची जोड आवश्यक ठरते.

या साऱ्या इतिहासात किशोराकडे पाहण्याचा दृष्टिकोन हा खरा वादाचा मुद्दा आहे. त्याला केवळ जपण्याची वस्तू मानले तर यादी पुरेशी होते. त्याला केवळ श्रोता मानले तर पर्याय पुरेसा होतो. परंतु उद्या स्वतःच्या जबाबदारीवर निवड करणारी व्यक्ती म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर शिक्षकाला त्याच्या शेजारी बसून तेच गीत ऐकावे लागते, तोच चित्रपट पाहावा लागतो आणि स्वतःच्या आवडीनिवडीचीही परीक्षा द्यावी लागते. किशोरवयात रंगभूमीच्या मोहात सापडलेल्या ऑगस्टीन यांनी पुढे त्याच मोहाची चिकित्सा लिहिली आणि ती शतकानुशतके वाचली गेली. आपण स्वतः काय पाहिले आणि त्याने आपले काय केले, हे प्रामाणिकपणे सांगू शकणारा शिक्षकच या विषयाचे अध्यापन समर्थपणे करू शकतो, असे या आढाव्याच्या शेवटी म्हणता येईल.